पेठेची तालीम : कोल्हापुरातील क्रीडासंस्थांचा सामाजिक इतिहास

कोल्हापूर शहराच्या जुन्या भागात, म्हणजे शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठ अशा वस्त्यांत, जवळजवळ प्रत्येक पेठेला आणि पुष्कळदा पेठेतील गल्लीगल्लीला स्वतःची तालीम आहे, आणि शहराच्या फुटबॉल स्पर्धांत उतरणारे बरेचसे नामवंत संघ याच तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे परगावच्या माणसाला कुस्तीच्या आखाड्यांची वाटतील. कोल्हापूरच्या आजच्या पिढीच्या तोंडी मात्र ती आधी फुटबॉल संघांची म्हणून येतात. एका खेळासाठी उभारलेल्या संस्थेने दुसरा, अगदी परका खेळ अंगीकारावा आणि तरीही तिचे नाव, तिची जागा, तिचे उत्सव आणि तिच्याविषयीचा वस्तीचा अभिमान शाबूत राहावा, असे क्वचितच घडते. त्याचे कारण खेळाच्या इतिहासात सापडत नाही, ते पेठेच्या रचनेत शोधावे लागते. तालीम ही मुळात पेठेची संस्था होती आणि खेळ हे तिच्या अनेक कामांपैकी सर्वांत ठळकपणे दिसणारे काम होते, हे लक्षात घेतले म्हणजे या स्थित्यंतराचा उलगडा होऊ लागतो.

तालीम म्हणजे कुस्तीचा सराव आणि अंगमेहनत करण्याची जागा. तिच्या मध्यभागी तांबड्या मातीचा हौद असतो, त्या मातीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद आणि कापूर मिसळून ती मऊ आणि निर्जंतुक ठेवली जाते, भिंतीतल्या कोनाड्यात मारुतीची मूर्ती असते आणि एका बाजूला मल्लखांब, मुद्गल, करेल अशी मेहनतीची साधने मांडलेली असतात. जुन्या तालमींची बांधणी ठेंगणी, दार लहान आणि झरोके मोजकेच, कारण घामेजलेल्या अंगाला गार वारा लागू नये हा हेतू असे. शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणत, आणि त्याचा शब्द हौदात जसा चाले तसाच हौदाबाहेरही चाले. नावनोंदणी, वार्षिक शुल्क आणि सभासदत्वाचे नियम यांवर उभ्या असलेल्या शहरी क्लबाहून तालमीचा पाया वेगळा होता, कारण पेठेत जन्मलेला मुलगा आपोआपच पेठेच्या तालमीचा होई आणि पुढे तो कुस्ती खेळला नाही तरी आयुष्यभर त्या तालमीचाच राही. खर्च चाले तो वर्गणीवर, दुकानदारांच्या देणगीवर आणि जत्रेच्या फडात जिंकलेल्या इनामावर.

या संस्थेचा पूर्वेतिहास कोल्हापूरपेक्षा पुण्यात अधिक स्पष्ट दिसतो. पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्याच्या पेठांत तालमी होत्या. शुक्रवार पेठेतील चिंचेची तालीम १७८३ सालची मानली जाते, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेले बाळंभट्टदादा देवधर यांच्याकडे मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दिले जाते. राज्य गेल्यावर या विद्येला राजाश्रय उरला नाही, तरी वस्तीचा आश्रय उरला. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे (१७९४-१८८१) यांनी चालवलेली तालीम या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, कारण मांग समाजात जन्मलेल्या या वस्तादाकडे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकण्यासाठी निरनिराळ्या जातींतील तरुण येत आणि त्यांत जोतीराव फुले होते. पुढे फुले दांपत्याने १८४८ पासून मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या व त्यांना कडवा विरोध झाला, तेव्हा त्या कार्यामागे लहुजींचे पाठबळ उभे राहिले. ज्या समाजात विद्यादानाचा अधिकार जन्मावर ठरत होता त्या समाजात मल्लविद्येपुरता का होईना, तो अधिकार कौशल्यावर ठरू शकला, ही तालमीच्या इतिहासातील सर्वांत मोलाची नोंद आहे. अर्थात तिचा विस्तार फार होऊ शकला नाही, कारण हौदातली बरोबरी पंगतीपर्यंत पोहोचत नव्हती.

ब्रिटिश अमलात मात्र व्यायामाच्या जागांकडे सरकार संशयाने पाहू लागले. १८७८च्या शस्त्रकायद्याने शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आले होतेच, त्यात १८९७ साली पुण्यात रँडचा वध झाला आणि चापेकर बंधूंनी तरुणांना जमवून शारीरिक व लष्करी धर्तीचे शिक्षण देण्यासाठी मंडळी उभारली होती असे उघड झाले, तेव्हापासून आखाडा म्हणजे कटाची जागा हे समीकरण सरकारी कागदपत्रांत रुजले. १९१८च्या राजद्रोहविषयक समितीने, जी रौलट समिती म्हणून ओळखली जाते, आपल्या अहवालाचा आरंभ याच प्रकरणापासून केला आहे. कोल्हापूर संस्थानही या वाऱ्यापासून अलिप्त नव्हते; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे निघालेल्या शिवाजी क्लबातील तरुणांवर इंग्रज अधिकाऱ्यांची नजर होती. तरीही संस्थानी कोल्हापुरात तालमीला जो मार्ग मिळाला तो पुण्याच्या तालमींना मिळाला नाही, आणि याचे कारण तेथील राजा होता.

शाहू छत्रपतींनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ साली त्यांचे निधन झाले. या २८ वर्षांत त्यांनी कुस्तीला दिलेला आश्रय हा बहुधा राजेशाही छंद म्हणून वर्णिला जातो, परंतु त्यांच्या इतर धोरणांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्याचा वेगळा अर्थ दिसतो. वेदोक्त प्रकरणानंतरच्या काळात, १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले, त्यापाठोपाठ इतर जातीधर्मांची वसतिगृहे निघाली आणि १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. शिकण्यासाठी खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात जशी वसतिगृहाची ओसरी मिळाली तशी मल्ल होऊ पाहणाऱ्या मुलाला तालमीची ओसरी मिळाली, आणि दोन्ही ठिकाणी बहुजन समाजातील तरुणाला राजधानीत पाय ठेवायला हक्काची जागा झाली. १९०२ साली युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन रंगस्थान पाहून त्या धर्तीवर कोल्हापुरात कुस्तीचे मैदान बांधण्याची कल्पना शाहूंना सुचली असे सांगितले जाते. खासबाग मैदान म्हणून ओळखले जाणारे हे गोल मैदान १९१२ साली पुरे झाले. मध्यभागी खोलगट आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक अशा रचनेमुळे शेवटच्या ओळीतल्या शेतकऱ्यालाही कुस्ती नीट दिसे.

जातीच्या प्रश्नावरही शाहूंनी आखाड्याचा उपयोग करून घेतला. अस्पृश्य मल्लाशी अंगाला अंग भिडवण्यास सवर्ण मल्ल कचरत असत, म्हणून त्यांनी अस्पृश्य समाजांतील मल्लांना जाठ, पंडित, सरदार अशी नवी उपपदे दिली आणि त्यांच्या कुस्त्या इतरांशी लावल्या. हा उपाय वरवरचा होता असा आक्षेप घेता येईल, कारण जात झाकल्याने जात जात नाही. परंतु निकाल लागेपर्यंत दोन माणसांनी एकमेकांना सतत स्पर्श करणे ज्या खेळात अटळ आहे त्या खेळाची सामाजिक ताकद एका राज्यकर्त्याने ओळखावी, हे त्या काळाच्या मानाने थोडे नव्हते. पंजाब आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुसलमान मल्लही त्यांच्या आश्रयाला होते आणि त्यांच्या डावपेचांची छाप कोल्हापूरच्या कुस्तीवर कायमची उमटली.

संस्थान विलीन झाल्यावर राजाचा आश्रय संपला, तेव्हा त्याची जागा वर्गणीने घेतली. खाशाबा जाधव १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले त्या वेळी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून रक्कम उभी केली, ही हकीकत व्यक्तिगत औदार्याची म्हणून प्रसिद्ध असली तरी तिच्यामागे असलेली सवय जुनी होती, कारण मल्लाचा खुराक ही सगळ्यांनी मिळून उचलायची बाब आहे असे कोल्हापुरात मानले जात होते. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण यांचा रोजचा खर्च शेतकरी कुटुंबाला झेपणारा नसे. म्हशी दारात आणून गिऱ्हाइकासमोर धारोष्ण दूध काढून देणारा गंगावेशीतला दूधकट्टा आजही चालू आहे, आणि त्याच गंगावेशीत शहरातील एक नावाजलेली तालीम आहे, हा योगायोग नव्हे. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे (१९५९) सीमेपलीकडच्या एकसंब्याहून आलेले आणि शाहूपुरी तालमीत घडलेले. १९६०चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे आणि मोतीबाग तालमीचे. गंगावेशीत घडलेले हरिश्चंद्र बिराजदार थेट मराठवाड्यातून आलेले. स्वतःच्या स्वयंपाकासाठी चूल मांडून, पहाटे उठून जोर-बैठका काढून, वस्तादाच्या नजरेखाली वर्षानुवर्षे राहणारी ही मुले पेठेची पाहुणी असत आणि काही वर्षांत पेठेचीच होऊन जात.

तालमीच्या धार्मिक जीवनाचा विचार केल्याशिवाय हे चित्र अपुरे राहील. काळा इमाम तालीम, अवचित पीर तालीम, बाबूजमाल तालीम ही नावेच सांगतात की कोल्हापुरात तालीम आणि पीर यांची सांगड जुनी आहे. मोहरमच्या दिवसांत अनेक तालमींत पंजे बसवले जातात, म्हणजे हुसेनच्या स्मरणार्थ हाताच्या पंजाच्या आकाराची धातूची प्रतीके प्रतिष्ठापित केली जातात, आणि ते बसवणारे, त्यांच्यासमोर नवस बोलणारे, खत्तलरात्रीला ते खांद्यावर घेऊन भेटीगाठींना निघणारे लोक बहुसंख्येने हिंदू असतात. बाबूजमालच्या दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. चांद्र पंचांगामुळे मोहरम दर वर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि त्यामुळे साधारण तीन दशकांनी सलग काही वर्षे गणेशोत्सव व मोहरम एकत्र येतात. अशा वर्षी काही तालमींत गणपती आणि पंजा एकाच छताखाली बसतात. १८९३-९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला तेव्हा मोहरमच्या ताबूतांतून हिंदूंना बाहेर काढणे हा त्यामागील एक उघड हेतू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे कोल्हापूरच्या पेठांनी दोन्ही उत्सव धरून ठेवले याचे महत्त्व कळते. ही सहिष्णुता कोणी शिकवलेली नव्हती. पंजा तालमीचा होता, तालीम पेठेची होती, म्हणून पंजा पेठेचा होता, इतका साधा त्याचा तर्क होता. अलीकडच्या काळात कोल्हापुरातही धार्मिक तणावाच्या घटना घडल्या आहेत आणि हा तर्क सर्वांनाच पटतो असे म्हणता येत नाही. पण तो पुसलेला नाही.

फुटबॉल या शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजघराण्याच्या आणि शिक्षणसंस्थांच्या आश्रयाने रुजला. १९४० साली राजाराम छत्रपतींच्या काळात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, जिला शहरात केएसए या आद्याक्षरांनीच ओळखतात, आणि पुढे शाहू स्टेडियम हे तिच्या स्पर्धांचे मुख्य मैदान झाले. पेठांनी हा खेळ इतक्या झपाट्याने आपलासा का केला, याची कारणे आर्थिक आणि सामाजिक अशी दोन्ही आहेत. कुस्तीत पेठेचा एकच मल्ल उतरतो आणि तो तयार व्हायला दहा वर्षांचा खुराक लागतो. फुटबॉलला एक चेंडू पुरतो आणि गल्लीतील ११ मुले एकाच वेळी पेठेसाठी खेळू शकतात. शहरातील मुले शाळेत, कारखान्यात आणि नोकरीत गुंतू लागली तशी कुस्तीची पूर्णवेळ साधना त्यांना परवडेनाशी झाली, आणि मोठ्या तालमींच्या हौदात खेड्यांतून आलेले मल्ल दिसू लागले, तर पेठेतली पोरे संध्याकाळी चेंडूमागे धावू लागली. वरुणतीर्थ तलाव बुजवून झालेले शिवाजी पेठेतील गांधी मैदान हे अशा सरावाचे एक मोठे ठिकाण, जिथे सकाळी फुटबॉल, दुपारी क्रिकेट आणि निवडणुकीच्या हंगामात सभा होतात.

शिवाजी पेठेतील खंडोबा आणि मंगळवार पेठेतील पाटाकडील यांच्या सामन्याला स्टेडियम भरते, आणि त्या दिवशी पेठेतल्या चहाच्या गाड्यापासून रिक्षाथांब्यापर्यंत दुसरा विषय नसतो. कोल्हापुरात या भावनेला ईर्षा म्हणतात आणि तो शब्द तेथे दोषवाचक नाही. जत्रेच्या फडात पूर्वी जी ईर्षा दोन मल्लांच्या पाठीमागे उभी राही तीच आता दोन रंगांच्या झेंड्यांमागे उभी राहते, त्याच हलगीच्या तालावर. तिची किंमतही शहराने मोजली आहे : प्रेक्षकांत हाणामारी, दगडफेक, पोलिसांचा बंदोबस्त, मध्येच थांबवलेले सामने आणि खंडित झालेले हंगाम. जुन्या व्यवस्थेत वस्तादाने डोळे वटारले की भांडण मिटे. फुटबॉलच्या प्रेक्षकाला वस्ताद नाही, आणि संघाच्या यशाइतकी ही पोकळीही फुटबॉलबरोबरच आली, याची दखल कोल्हापुरातील क्रीडालेखनात पुरेशी घेतली जात नाही. पुढे मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा आल्या आणि संघांनी परगावचे, काही वर्षे तर नायजेरियासारख्या देशांतले खेळाडू पैसे देऊन आणले. पेठेच्या नावाने खेळणारा खेळाडू पेठेचाच असला पाहिजे हा नियम कधी लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडला तेव्हा तक्रार कुठे करावी हेही कोणाला ठाऊक नव्हते. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा सर्व पेठांनी तो आपलाच मानला.

मुंबईच्या गिरणगावाशी तुलना केल्यास कोल्हापूरच्या तालमीचे वेगळेपण उठून दिसते. परळ, लालबाग, नायगाव, वरळी येथील चाळींत कोकण आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी व्यायामशाळा आणि कबड्डी मंडळे काढली, ज्यांचा हेतू जवळपास तोच होता : दहा बाय दहाच्या खोलीत पाळीने झोपणाऱ्या तरुणाला खोलीबाहेर हक्काची जागा मिळणे. परंतु गिरणीमुळे या मंडळांवर मालक आणि संघटना अशा दोन्ही बाजूंनी ताण आला. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या संपांच्या काळात व्यायामशाळेतील तगडी पोरे आपल्या बाजूला असणे दोघांनाही हवे होते. घोडपदेव भागातील केशव दादा बोरकर यांच्यासारखे, व्यायामशाळेच्या बळावर वस्तीत वजन निर्माण केलेले आणि संपाच्या विरोधात उभे राहिलेले पुढारी याच वातावरणाची निर्मिती होते. स्वातंत्र्यानंतर दादरच्या अमरहिंद मंडळासारख्या संस्थांनी कबड्डी आणि खो-खोबरोबर वसंत व्याख्यानमालाही चालवली, म्हणजे मैदान आणि व्यासपीठ एकाच संस्थेच्या हाती राहिले. १९८२च्या संपानंतर, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, गिरण्या आणि त्यांच्याबरोबर चाळी जाऊ लागल्या आणि अनेक मंडळांपाशी नाव उरले, वस्ती उरली नाही. कोल्हापूरची पेठ अशी उठली नाही, म्हणून तिची तालीमही उठली नाही.

या स्थैर्यामुळे तालीम स्थानिक राजकारणाची पहिली पायरी झाली. महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवाराच्या पक्षापेक्षा त्याची तालीम आधी विचारली जाते, आणि तालमीच्या कट्ट्यावर ज्याला मान नाही त्याला प्रभागात मत मिळणे अवघड, असे येथील कार्यकर्ते मानतात. याचा दुसरा परिणाम असा की शहराच्या सामायिक प्रश्नावर माणसे जमवण्याची यंत्रणा तयारच असते. २०१० नंतरच्या टोलविरोधी आंदोलनात, ज्याच्या अग्रभागी एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे होते, तालीम संस्था पेठापेठांतून उतरल्या आणि अखेर शासनाला शहरातील टोल रद्द करावा लागला. ऑगस्ट २०१९च्या पंचगंगेच्या महापुरात घरे रिकामी करण्यापासून जेवणाची पाकिटे वाटण्यापर्यंतची कामे तालमींच्या आणि मंडळांच्या पोरांनी केली, कारण कोणत्या गल्लीत कोण म्हातारे एकटे राहते हे त्यांना कोणाला विचारावे लागत नव्हते.

हे सर्व सांगताना पेठ या शब्दात कोण येते हे तपासले पाहिजे. तालमीचा हौद मारुतीचा म्हणून स्त्रियांना वर्ज्य होता आणि पेठेच्या अर्ध्या लोकसंख्येसाठी तालीम म्हणजे बाहेरून पाहायची इमारत होती. उत्सवाचा महाप्रसाद, हळदीकुंकू, आरोग्यशिबिर, मतदान एवढ्यापुरतेच तिचे दार त्यांच्यासाठी उघडे. गिरणगावात शिवशक्तीसारख्या महिला कबड्डी संघांनी ही चौकट पूर्वीच ओलांडली होती, परंतु कोल्हापूर जिल्ह्यात मुलींची कुस्ती जोमाने वाढली ती शहरातील शंभर वर्षांच्या तालमींत नव्हे, तर मुरगूडसारख्या लहान गावातील नव्या कुस्ती केंद्रात, जिथे मातीच्या हौदाऐवजी मॅट होती आणि मोडायला जुना पायंडा नव्हता. फुटबॉलमध्येही मुलींचे संघ शाळा आणि प्रशिक्षण केंद्रांतून येतात. तालमींच्या जुन्या ठेंगण्या इमारती पाडून त्या जागी सभागृह, यंत्रांची व्यायामशाळा आणि रस्त्याकडेला गाळे असलेल्या दुमजली वास्तू उभ्या राहत आहेत. विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या या तालमींच्या कार्यकारिणीच्या याद्यांत मात्र स्त्रियांची नावे अजून अपवादानेच आढळतात.